ओलाव्याचा रकाना: वनस्पती प्रथिनांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सोयाबीन, हरभरा, गहू किंवा ज्वारी यांच्या प्रथिनांवर काम सुरू करणारा नवा विद्यार्थी किंवा नवा उद्योजक आपली पहिली नोंदवही आखतो, तेव्हा तिच्यात दोन रकाने हमखास असतात: तापमान किती ठेवले आणि किती वेळ ठेवले. तापवताना मालात पाणी किती होते, हा रकाना बहुतेक वेळा नसतो. माझ्या पहिल्या वहीतही तो नव्हता आणि त्याची किंमत मला मोजावी लागली. ती हकिगत पुढे येईल. ८० अंश सेल्सिअसला तासभर ठेवलेले गव्हाचे ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, कामातून गेले की शाबूत राहिले, हे त्या ८० या आकड्यावरून कोणालाही सांगता येत नाही. ओले असेल तर ते गेले आणि पुरते कोरडे असेल तर बहुतांशी वाचले. हा लेख त्या तिसऱ्या रकान्याविषयी आहे आणि त्यातले बरेचसे प्रयोग स्वयंपाकघरात करता येण्याजोगे आहेत. त्यासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा, तापमान स्थिर ठेवणारी भट्टी, झाकणाच्या काचेच्या बरण्या, एक तापमापक, मलमलचे फडके आणि मीठ एवढे साहित्य पुरते.

सुरुवातीला समजून घ्यायच्या दोन गोष्टी

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ती विशिष्ट घडी घालून बसलेली असते आणि त्या घडीवरच तिचे सगळे गुण अवलंबून असतात. साखळीतले काही घटक पाण्याशी सहज जुळवून घेणारे, म्हणजे जलस्नेही असतात, तर काही पाण्यापासून दूर पळणारे, जलविरोधी असतात. भोवती पाणी असले की जलविरोधी भाग एकमेकांना चिकटून आत दडतात आणि जलस्नेही भाग बाहेर राहतात. घडी घालण्यामागे पाण्याचा हात असतो तो असा.

पाण्याचे दुसरे काम याच्या उलट वाटावे असे आहे. पाण्याचे रेणू साखळीच्या दोन भागांमधल्या हायड्रोजन बंधांत शिरतात आणि ते भाग एकमेकांवरून सरकण्याइतके मोकळे करतात. प्लास्टिक लवचीक करण्यासाठी कारखान्यात जे द्रव्य मिसळतात, त्याच जातीचे हे काम आहे. पाणी काढून घेतले की साखळीचे भाग थेट एकमेकांना धरून बसतात, हालचाल थांबते आणि पदार्थ काचेसारखा होतो: हाताला ठिसूळ, पण उष्णतेला चिवट. पदार्थ काचरूप अवस्थेतून रबरासारख्या अवस्थेत ज्या तापमानाला जातो, त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. ओलावा वाढला की हे तापमान झपाट्याने खाली येते. गव्हाच्या ग्लुटेनचे उदाहरण फार बोलके आहे. जवळजवळ कोरड्या ग्लुटेनमध्ये ते १६० अंशांच्या आसपास असते, तर ओलावा साधारण १६ टक्के झाला की ते आपल्या खोलीच्या तापमानापर्यंत उतरते.

पाण्याचा प्रत्येक थेंब सारख्याच ताकदीने बांधलेला नसतो, हेही ध्यानात ठेवावे. शंभर ग्रॅम कोरड्या प्रथिनावर पहिले पाच ते आठ ग्रॅम पाणी विद्युतभारित गटांना घट्ट धरून असते. एक ग्रॅम प्रथिनाचा पृष्ठभाग पुरता झाकायला सुमारे ०.३ ते ०.४ ग्रॅम पाणी लागते. त्यापुढचे पाणी बरेचसे मोकळ्या पाण्यासारखे वागते.

वनस्पतींच्या बाबतीत हा विषय अधिक रंजक होतो, कारण बी स्वतःच वाळते. शेंगेत भरताना पाण्याने गच्च असलेला दाणा पक्व होईपर्यंत दहा-बारा टक्के ओलाव्यावर येतो, महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि पाणी मिळताच पुन्हा जिवंत कामाला लागतो. या काळात दाण्यात तयार होणाऱ्या एका खास प्रथिनगटाकडे कपाशीच्या बियांवरील अभ्यासामुळे १९८१ मध्ये लक्ष गेले. ही प्रथिने पाण्यात असताना बव्हंशी विस्कळीत, निश्चित घडी नसलेली असतात. पाणी ओसरू लागले की त्यांपैकी अनेकांना सर्पिल आकार येतो आणि ती इतर प्रथिनांना एकमेकांत गुंतू देत नाहीत. सुकल्यावर ज्यांना आकार येतो अशीही प्रथिने असतात, एवढे जरी नवशिक्याने लक्षात ठेवले तरी ‘पाणी गेले म्हणजे रचना बिघडली’ हा सरधोपट समज गळून पडतो.

पहिली पायरी: ओलावा मोजावा आणि तो कोणत्या हिशेबाने मोजला ते लिहावे

कोरडी करून थंड केलेली, झाकणाची छोटी धातूची डबी घ्यावी. तिचे वजन करून त्यात पाच ग्रॅम पीठ पातळ पसरावे आणि झाकण उघडे ठेवून भट्टीत ठेवावे. पिठांसाठी १३० अंशांवर एक तास ही प्रयोगशाळांतली नेहमीची रीत आहे. १०५ अंशांवर ठेवल्यास सलग दोन वजने सारखी येईपर्यंत थांबावे लागते. डबी बाहेर काढताच झाकण लावावे आणि ती पूर्ण थंड झाल्यावरच वजन करावे. गरम डबी काट्यावर ठेवली की वर उठणाऱ्या हवेमुळे वजन कमी भरते, आणि उघडी डबी पावसाळ्यात थंड करायला ठेवली तर पीठ काही मिनिटांतच हवेतली ओल ओढून घेते. दोन्ही चुका मी नवख्यांच्या हातून दरवर्षी होताना पाहतो.

समजा, ५.०० ग्रॅम पिठाचे ४.४० ग्रॅम झाले. गेलेले पाणी ०.६० ग्रॅम. ते मूळ ओल्या वजनाने भागले तर ओलावा १२ टक्के येतो. उरलेल्या कोरड्या वजनाने भागले तर १३.६ टक्के. व्यापारात पहिला हिशेब चालतो, प्रथिनांच्या अभ्यासात अनेकदा दुसरा. आकड्याबरोबर हिशेब लिहिला नसेल तर दोन नोंदींची तुलना व्यर्थ आहे. जास्त ओलाव्यावर तर ही तफावत प्रचंड होते. १२ टक्के ओलाव्याच्या १०० ग्रॅम कणकेत ६० मिलिलिटर पाणी घातले की त्या गोळ्यात एकूण ७२ ग्रॅम पाणी आणि ८८ ग्रॅम कोरडा भाग असतो. ओल्या हिशेबाने ओलावा ४५ टक्के, कोरड्या हिशेबाने जवळजवळ ८२ टक्के.

ओलाव्याच्या टक्केवारीइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा आहे तो जलक्रियतेचा. पदार्थातले पाणी किती मोकळे आहे, हे तो शून्य ते एक या मापावर सांगतो. बंद बरणीत पदार्थाभोवतीच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर स्थिरावली, तर त्या पदार्थाची जलक्रियता ०.६५ झाली. सोयाबीनच्या तेलकट दाण्यात आणि तेल काढलेल्या पिठात पाण्याची टक्केवारी सारखी असली, तरी पाणी तेलात राहत नसल्यामुळे दाण्यातल्या प्रथिनांच्या वाट्याला ते अधिक येते. म्हणून दोन वेगळ्या पदार्थांची तुलना करताना मी जलक्रियतेवरच अधिक विसंबतो.

दुसरी पायरी: ग्लुटेन हातात घेऊन पाहावे

वनस्पती प्रथिनाची रचना पाण्याने कशी उभी राहते, हे बोटांना कळेल असा प्रयोग एकच आहे आणि तो जुना आहे. इटलीतल्या बोलोन्या येथील याकोपो बेक्कारी यांनी १७२८ मध्ये तो मांडला आणि १७४५ मध्ये तो छापून आला. कणकेचा गोळा पाण्याखाली धुतला की पिठूळ भाग वाहून जातो आणि मागे चिवट, राखाडी-पिवळा गोळा उरतो, हे त्यांनी दाखवले.

१०० ग्रॅम मैद्यात ५५ ते ६० मिलिलिटर पाणी घालून घट्टसर गोळा मळावा आणि अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवावा. ही अर्ध्या तासाची विश्रांती टाळू नये. पाणी पिठाच्या कणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. पुरणपोळीची कणीक सैल भिजवून, तेलाच्या हाताने तिंबून तास-दोन तास झाकून ठेवतात, त्यामागेही हेच कारण आहे. मळण्याच्या कष्टाइतकेच काम तिथे वेळ करत असते. मग गोळा फडक्यात घेऊन गार पाण्याच्या भांड्यात हलक्या हाताने दाबत राहावे. पाणी दुधासारखे होईल. ते फेकू नये. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून चीक काढणाऱ्या घरात हे पाणी सगळ्यांच्या ओळखीचे असते. काही तासांनी तळाशी बसतो तो पांढरा घट्ट थर स्टार्चचा असतो. पाणी तीन-चार वेळा बदलले की ते स्वच्छ राहू लागते आणि हातात सुमारे ३० ग्रॅमचा गोळा उरतो. त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणीच असते.

हा गोळा दोन्ही हातांनी हळूहळू ताणावा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरावा. पडदा पातळ होत जातो, त्यात बारीक तंतू एका दिशेने ओळीत आलेले दिसतात, आणि सोडला की तो सावकाश मागे येतो, पण पूर्ण नाही. ओढले जाणे आणि मागे येणे हे दोन गुण दोन प्रथिनगटांचे आहेत. ग्लायाडिनमुळे गोळा वाहतो, पसरतो. ग्लुटेनिनच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असल्यामुळे त्या जाळे धरून ठेवतात. कोरड्या पिठात ही दोन्ही प्रथिने असतात, पण जाळे नसते. जाळे पाण्यामुळेच जन्मते.

या लवचिकतेचा एक खुलासा शास्त्रज्ञ पीटर बेल्टन यांनी १९९९ मध्ये मांडला आणि तो मला सर्वांत समजण्यासारखा वाटतो. ग्लुटेनिनच्या शेजारशेजारच्या साखळ्या काही ठिकाणी हायड्रोजन बंधांनी एकमेकींना चिकटून पट्टीसारख्या बसतात, तर काही ठिकाणी पाणी शिरल्यामुळे त्या सुटून वेटोळ्यांसारख्या फुगतात. गोळा ताणला की आधी वेटोळी सरळ होतात, आणि सोडला की पुन्हा वेटोळी होऊ पाहतात. पाणी फारच कमी असेल तर वेटोळीच नाहीत, म्हणून लवचिकता नाही. पाणी फार झाले तर चिकटलेले भागच सुटत जातात, म्हणून गोळा लिबलिबीत होतो. कणीक मळताना पाण्याचा हात किती लावायचा हे अनुभवी बोटांना कळते, ते याच दोन टोकांमधले अंतर आहे.

तिसरी पायरी: त्याच गोळ्याचे तीन भाग करावेत

या लेखातला एकच प्रयोग करायचा असेल तर हा करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

गोळ्याचे तीन सारखे तुकडे करावेत. पहिला तुकडा चिमटीने अगदी पातळ ताणून ताटलीवर पसरावा आणि ४५ ते ५० अंशांवर पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावा. दुसरा तुकडा उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून मग त्याच तापमानाला वाळवावा. तिसरा तुकडा पहिल्यासारखाच पातळ पसरून वाळवावा आणि तो खणखणीत कोरडा झाल्यानंतर ८० अंशांवर तासभर ठेवावा.

वाळल्यावर पहिला आणि तिसरा तुकडा पिवळसर, अर्धपारदर्शक होतो. नखाने टिचकी मारली तर काचेच्या तुकड्यासारखा आवाज येतो आणि वाकवायला गेल्यास तो टचकन तुटतो. काचरूप अवस्था ती हीच. यातली एक चकती, तळाशी साधे पाणी असलेल्या बंद बरणीत, पाण्याला न लागेल अशी जाळीवर ठेवावी. एका दिवसात ती चामड्यासारखी वाकू लागते. चकतीला पाणी लागलेले नाही, तिचे तापमान बदललेले नाही, फक्त हवेतली वाफ तिच्यात शिरली आहे, आणि तेवढ्याने ती काचेतून रबरात गेली आहे. यातलीच आणखी एक चकती तळाशी ओलसर मिठाचा थर असलेल्या बरणीत, तशीच जाळीवर ठेवावी. मिठाचे संपृक्त द्रावण बंद जागेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवते. तिथे हाच बदल सावकाश आणि अर्धवट होतो. पाण्याच्या बरणीत चकती एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये, बुरशी येते.

आता तिन्ही तुकड्यांची वेगवेगळी पूड करून प्रत्येकीत दीडपट पाणी घालून मळावे. पहिली पूड काही मिनिटांत पुन्हा चिवट, ताणता येणारा गोळा होते. दुसरी होत नाही. ती पाणी धरते, पण ओल्या भुशासारखी सुटी राहते. ओल्या उष्णतेत साखळ्या उलगडल्या, त्यांच्यामध्ये गंधकाचे नवे पक्के बंध पडले आणि जाळे कायमचे गोठले. तिसरी पूड मात्र पहिलीच्या बरीच जवळ जाते. तिलाही ८० अंश सोसावे लागले होते, पण साखळ्यांना हलायला पाणीच नव्हते. ग्लुटेनची पूड तयार करणाऱ्या उद्योगाला सारी काळजी घ्यावी लागते ती वाळवण्याच्या सुरुवातीला, माल ओला असताना, ती याचमुळे.

चौथी पायरी: सोयाबीन, जिथे ओली उष्णता हवीच असते

ग्लुटेनमध्ये रचना वाचवायची होती. सोयाबीनमध्ये काही प्रथिनांची रचना मोडावीच लागते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला (एन्झाइमला) अडवणारी प्रथिने असतात. शिजवलेले सोयाबीन खाणारे उंदीर कच्चे खाणाऱ्या उंदरांपेक्षा नीट वाढतात, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१७ मध्ये दाखवले होते. त्या प्रथिनांपैकी एकात गंधकाचे दोन बंध आहेत आणि दुसऱ्यात सात. दुसरे आकाराने लहान, पण सात टाक्यांनी शिवल्यासारखे घट्ट आहे.

इथेच मला ठेच लागली. सुरुवातीच्या काळात एका छोट्या गटासाठी सोयापीठ करून देताना मी दाणे न भिजवता मोठ्या कढईत खमंग भाजले. रंग छान आला, वास छान आला, आणि तापमान शंभराच्या वर नक्की गेले होते. पण युरिएज चाचणीत पीठ नापास झाले. ही चाचणी सोपी आहे: पीठ युरियाच्या द्रावणात टाकून रंगदर्शक घालतात, आणि सोयाबीनमधले युरिएज हे विकर जिवंत असेल तर अमोनिया सुटून रंग लाल होतो. युरिएज आणि ट्रिप्सिनरोधक साधारण सारख्याच उष्णतेला निकामी होतात, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज घेतात. आमचे पीठ भराभर लाल झाले. दाण्यातला दहा टक्के ओलावा भाजताना लगेच उडाला होता, आणि कोरड्या दाण्यातली प्रथिने घडी न मोडता तापत राहिली होती. तो सगळा माल बाजूला ठेवावा लागला. त्यानंतर दाणे रात्रभर भिजवून वीस मिनिटे उकळले, वाळवले आणि मगच दळले. चाचणीचा रंग बदलला नाही.

आकड्यांत पाहायचे तर सोयाबीनची दोन मुख्य साठवणीची प्रथिने, बीटा-कॉनग्लायसिनिन आणि ग्लायसिनिन, भरपूर पाण्यात अनुक्रमे ७० ते ७५ आणि ९० अंशांच्या आसपास घडी सोडतात. ओलावा कमी करत नेला की हेच आकडे चढत जातात आणि जवळजवळ कोरड्या अवस्थेत ते १५० अंशांच्याही वर पोहोचतात. त्या तापमानाला घडी मोडण्याआधीच प्रथिने शर्करेशी जुळून तांबूस होऊ लागतात आणि लायसिन हे मोलाचे अमिनो आम्ल वाया जाते. ही तांबूस होण्याची क्रिया साधारण ०.६ ते ०.८ जलक्रियतेला सर्वांत वेगाने चालते, म्हणजे पदार्थ धड ओला नाही आणि धड कोरडा नाही अशा अवस्थेत. म्हणून भाजताना किंवा वाळवताना या मधल्या पट्ट्यात माल रेंगाळू देऊ नये.

पाणी लागताच प्रथिन जागे होते, याचा आणखी एक पुरावा नाकाला मिळतो. कोरड्या सोयाबीनला उग्र वास जवळजवळ नसतो. भिजवलेला दाणा गार पाण्यात वाटला की काही क्षणांत कच्चट, गवतासारखा दर्प येतो, कारण लिपॉक्सिजनेज हे विकर आणि तेल पाण्यात एकत्र आले. ८० अंशांच्या वर गरम असलेल्या पाण्यात वाटले तर विकराची घडी लगेच मोडते आणि दर्प पुष्कळ कमी राहतो. सोयादूध करू पाहणाऱ्या गटांनी ही एक गोष्ट केली तरी गिऱ्हाईक टिकते.

बाजारात मिळणाऱ्या सोयावड्यांमध्ये हेच तत्त्व यंत्रात बसवलेले असते. तेल काढलेले पीठ एक्सट्रूडर नावाच्या मळसूत्री यंत्रातून दाबून, तापवून बाहेर काढतात. आत ओलावा साधारण १५ ते ३० टक्के असेल तर तोंडाशी दाब सुटताच पाण्याची वाफ होते आणि वडी फुगून सच्छिद्र बनते. ओलावा ५० ते ७० टक्के ठेवून तोंडाशी लांब थंड नळी जोडली तर वाफ फुटत नाही. वितळल्यागत झालेले प्रथिन वाहत वाहत थंड होते आणि मांसासारखे थर व धागे धरते. प्रथिन तेच, फरक पाण्याचा आणि थंड होण्याच्या रीतीचा.

पाचवी पायरी: ज्वारी, जिचा नियम वेगळा आहे

गव्हावरून ज्वारीचा अंदाज बांधू नये. ज्वारीतले मुख्य प्रथिन, काफिरिन, जलविरोधी आहे. पाण्यात भिजून त्याचे जाळे होत नाही. भाकरीसाठी कढत पाण्यात पीठ मळतात ते स्टार्चला चिकटपणा यावा म्हणून. ज्वारीच्या दाण्यात हे प्रथिन गोल पिशव्यांसारख्या बारीक कणांत भरलेले असते आणि त्या कणांच्या बाहेरच्या थरातल्या काफिरिनमध्ये गंधक अधिक असते. ओलसर शिजवताना या थरात गंधकाचे आडवे बंध पडतात आणि आतल्या प्रथिनापर्यंत पाचक विकर सहज पोहोचत नाहीत. त्यामुळे ओल्या शिजवणीत डाळींची प्रथिने सहसा अधिक पचनीय होतात, तर ज्वारीची पचनीयता घटते. आंबवल्याने ती काही अंशी सुधारते. आंबिलीला हा एक चांगला आधार आहे. भाकरी सोडावी असा याचा अर्थ मुळीच नाही, डाळीबरोबर ती खाण्याची आपली पद्धत हे उणेपण भरून काढते. पण ज्वारीचे पौष्टिक मिश्रण विकणाऱ्याने मात्र कच्च्या पिठाच्या प्रथिनांचा आकडा पाहून समाधान मानू नये.

सहावी पायरी: साठवण

उष्णता न देताही ओलावा रचना बदलतो, फक्त महिने घेऊन. दमट, गरम गोदामात राहिलेल्या सोयाबीनमधून पाण्यात उतरणारे प्रथिन कमी होत जाते आणि त्याचे टोफू (सोयापनीर) सैल, खरबरीत होते. डाळी-कडधान्यांत याचा अनुभव प्रत्येक घरी असतो. इथे दोन दोष वेगळे ओळखावेत. भिजवूनही जो दाणा फुगतच नाही तो गणंग. त्याच्या सालातून पाणीच आत गेलेले नसते. पण दाणा नीट फुगला आणि तरीही शिजत नाही, तर तो दमट साठवणीचा दोष असतो, आणि त्यात पेशींना जोडणारे द्रव्य घट्ट होण्याबरोबर प्रथिनांचे विरघळणेही घटलेले असते. पहिल्यावर जास्त वेळ भिजवणे किंवा साल खरवडणे हा उपाय चालतो, दुसऱ्यावर तो फारसा चालत नाही.

सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या खरिपात माल ओला असल्याने केंद्रांवर तो नाकारला जाऊ लागला, आणि नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. शेतकऱ्याला त्या वेळी दिलासा आवश्यकच होता. मात्र १५ टक्के ओलाव्याने विकत घेतलेला दाणा तसाच पोत्यात ठेवणे आणि तो वाळवून १० ते ११ टक्क्यांवर आणून ठेवणे यांत प्रथिनांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि प्रक्रिया करणाऱ्याने ते वाळवण आपल्या खर्चात धरावेच. वाळवताना उन्हात पातळ थर असावा. ओला दाणा एकदम जास्त तापवला तर साल तडकते आणि तिसऱ्या पायरीत पाहिलेली ओल्या उष्णतेची हानी होते.

यंत्राकडे जाताना

पुढे ज्यांना प्रयोगशाळा मिळेल त्यांच्यासाठी दोन सावधगिरीच्या सूचना. अवरक्त किरणांनी प्रथिनाच्या घडीचा अभ्यास करताना १६०० ते १७०० प्रति सेंटिमीटर हा तरंगसंख्येचा पट्टा पाहतात, आणि पाण्याचे स्वतःचे शोषणही त्याच्याच मध्ये, १६४० च्या जवळ येते. ओल्या नमुन्यातले पाणी नीट वजा केले नाही तर जे बदल आपण प्रथिनाचे म्हणून लिहितो ते पाण्याचेच निघतात; म्हणून अनेक जण जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेले पाणी) वापरतात. दुसरी सूचना औष्णिक मापनाची. उष्णता मोजणाऱ्या यंत्रात नमुन्याची डबी पक्की बंद नसेल, तर तापताना पाणी उडते, ओलावा बदलत जातो आणि घडी मोडण्याचे तापमान प्रत्येक वेळी वेगळे येते. मोजणीआधी आणि नंतर डबीचे वजन करावे. दोन वजनांत फरक पडला तर ती मोजणी रद्द समजावी.

नोंदवहीचे पान आता असे आखावे: नमुना, त्याचे तेल काढलेले आहे की नाही, सुरुवातीचा ओलावा आणि त्याचा हिशेब, जलक्रियता, तापमान, वेळ, शेवटचा ओलावा, आणि त्या दिवशीची खोलीतली आर्द्रता. शेवटचा रकाना पुष्कळांना अनावश्यक वाटतो. जूनमध्ये उघड्या ताटलीत ठेवलेली ग्लुटेनची चकती दुपारपर्यंत वाकू लागते आणि मे महिन्यात तीच चकती आठवडाभर टिचकीला वाजत राहते, हे एकदा स्वतः पाहावे आणि तो रकाना भरायला सुरुवात करावी.